परत दाव

बिराप्पाचे दोन्ही खांदे मातीला टेकले, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. भिवरवाडीच्या जत्रेतली शेवटची, मानाची कुस्ती. सांगलीच्या ऋषिराजनं पट काढून त्याला खाली घेतलं, मानेवर गुडघा रोवला आणि घिस्सा असा ओढला की बिराप्पाच्या कानाची पाळी मातीत रगडून फाटली. जीभ दाताखाली सापडली. रक्त डोळ्यात उतरलं. त्याच झटक्यात तो उताणा झाला आणि तांबडी माती पाठीला गार लागली, डाव्या खांद्याला आणि उजव्यालाही. लगेच त्यानं मानेवर जोर देऊन खांदे उचलले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पंच होते तात्याबा वस्ताद. साठी उलटलेला माणूस. धोतराचा सोगा सावरत ते पुढं झाले, गाल मातीला लागेल इतके वाकले, बघितलं, आणि गुडघ्यावर हात देऊन उठत त्यांनी ऋषिराजच्या पाठीवर थाप मारली. कुस्ती निकाली. हलगी बंद पडली आणि सगळा फड गप्प झाला, कारण बिराप्पा तात्याबांच्याच तालमीतला होता. मेंढरं राखणाऱ्या धोंडुबाईचं हे बापाविना पोर वस्तादांनी लहानपणी तालमीत आणलं, आपल्या म्हशीचं दूध पाजलं, मार मार मारलं आणि पैलवान केलं. त्याच पोराविरुद्ध त्यांनी निकाल दिला होता. पण भिवरवाडीच्या फडाची ख्याती हीच होती. तात्याबा पंच असले की बाहेरगावचा पैलवान निर्धास्त लांग चढवून फडात उतरायचा.

मग वस्तादांनी ते केलं जे ते नेहमीच करायचे. त्यांच्या तालमीची रीत होती की आपलं पोर हरलं तर वस्तादानं स्वतः त्याची पाठ पुसायची. माती घेऊन लोकांतून चालायला लावायचं नाही. त्यांनी डोक्याच्या पटक्याचं एक टोक सोडलं, त्यानं बिराप्पाची पाठ मायेनं पुसली आणि दोघा पैलवानांना गळाभेट करायला लावली. "मातीतलं मातीत ऱ्हायलं," ते म्हणाले. ऋषिराजनं बिराप्पाच्या कानाचं रक्त आपल्या हातानं टिपलं. बिराप्पाला हरल्याचं दुःख होतं, पण तक्रार नव्हती. तक्रार त्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिकवण्यात आली.

शिकवणारा होता आकाराम. फौजेत बिनतारी खात्यात नोकरी करून परत आला आणि येताना उचापती डोकं घेऊन आला. घराच्या गच्चीवर त्यानं पांढरी छत्री बसवली, चिंचेच्या झाडावरून, खांबांवरून, गोठ्यांच्या पत्र्यांवरून काळी वायर ओढली आणि भिवरवाडीत केबल आली. ज्या गावात पोस्टमन दोन दिवसांआड यायचा तिथं साऱ्या जगाच्या क्रिकेटच्या मॅची येऊ लागल्या. त्या उन्हाळ्याच्या आधीच विश्वचषक होऊन गेला होता. त्यात भिवरवाडीनं एक नवी गोष्ट पाहिली. मैदानावरचा पंच हात वर करत नाही, हवेत चौकोन काढतो, आणि आत बसलेला दुसरा पंच टीव्हीत बघून निकाल देतो. गावाला हे फार आवडलं. आपणही टीव्हीत बघतोय, म्हणजे आपणही पंचच की! म्हशीचं दूध काढता काढता माणसं धावबाद देऊ लागली.

संध्याकाळी सातनंतर आकारामचं स्वतःचं चॅनेल त्याच्या घराखालच्या दुकानातून चाले. लग्नं, बारशी, कारखान्याच्या निवडणुकीची मिरवणूक, जे शूटिंग त्यानं केलं असेल ते. जत्रेची कुस्तीही त्यानं उसाच्या ट्रॉलीवर उभं राहून खांद्यावरच्या कॅमेऱ्यानं टिपली होती.

बिराप्पा घरी कानाला हळद लावून पडला होता. त्यांच्याकडं टीव्ही नव्हता. एकाएकी सगळ्या आळीतून, एकाच क्षणी, प्रत्येक घरातून ओरडा उठला. धोंडुबाई चुलीपुढून दचकून उठली. कुठं आग लागली की काय म्हणून बिराप्पा दारात आला, तर शेजारचा तानाजी धावत आला आणि त्याला हाताला धरून ओढतच आपल्या घरात घेऊन गेला.

"बघ गड्या, बघ! तू हरलाच न्हाईस!"

पडद्यावर बिराप्पा खाली होता, ऋषिराज वर. मग पांढरं धोतर आडवं आलं. तात्याबा वाकायला पुढं झाले होते आणि नेमके कॅमेऱ्याच्या आड आले होते. धोतर बाजूला झालं तेव्हा वस्तादांचा हात हवेत होता आणि बिराप्पाचे खांदे मातीपासून चांगले वीतभर वर होते. तिथंच आकारामनं चित्र थांबवलं. खांदे वर, थाप मारायला निघालेला हात वर. चित्र थरथरत होतं, पण दिसायचं ते दिसत होतं.

"परत दाव!" तानाजीचा बाप दारातून ओरडला. त्या घरातून पुढच्या घराला, तिथून पुढच्याला, अशी हाक आळीआळीनं आकारामच्या दुकानापर्यंत गेली. आकारामनं कॅसेट मागं घेतली. बिराप्पाचा कान पुन्हा फाटला, धोतर पुन्हा आडवं आलं, खांदे पुन्हा वरच. गाव पुन्हा ओरडलं.

आता इथं कुणी एवढंच विचारायला हवं होतं, की धोतराच्या आड काय झालं? पण कुणी विचारलं नाही. जे दिसलं नाही ते घडलंच नाही, असं गावानं ठरवून टाकलं. ज्याला ठाऊक होतं तो पाटावर बसला होता, तानाजीची बायको त्याच्या पुढ्यात चहा ठेवत होती, म्हातारी माणसं त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि तो मूग गिळून बसला. मी त्याला दोष देतो आणि देतही नाही. आदल्या दिवशी मान खाली घालून फडातून बाहेर पडलेला तेवीस वर्षांचा पोरगा होता तो. त्याला कुणी सांगत होतं की तू हरला नाहीस, आणि सांगणारं सगळं गाव होतं. किती जणांच्या तोंडातून 'नाही, हरलोच' असं निघालं असतं?

आठवडाभर दुसरं काही चाललंच नाही. आकाराम कुस्ती सावकाश दाखवायला शिकला. इतकी सावकाश, की बिराप्पाच्या तोंडातून उडालेलं रक्त थेंबाथेंबानं पडताना दिसे आणि बायका तोंडाला पदर लावत. जेवताना लोक बघत. पोरं गल्लीत तोच घिस्सा मारत आणि एकमेकांचे कान धरून पिरगाळत. एका पोराचा हात खांद्यातून निखळला. हळूहळू गावाला खांद्यांचा कंटाळा आला आणि लक्ष पुढच्या भागाकडं गेलं. वस्ताद पटक्याचं टोक सोडतात. पाठ पुसतात. कशाला पुसली?

"माती नव्हतीच पाठीला, म्हून पुसली!" तानाजी म्हणाला. "पुसल्याचं सोंग केलं. पुरावाच मिटवला की म्हाताऱ्यानं."

"सांगलीवाल्यांनी इकत घेतला."

"लय दिसाचं ठरलं आसंल."

जी माया साऱ्या गावानं वर्षानुवर्षं पाहिली होती, तीच टीव्हीत सावकाश बघितल्यावर चोरी दिसायला लागली. तालमीतली पोरं एकेक करून यायची थांबली. एका सकाळी तालमीच्या दारावर डांबरानं घाण लिहिलेली सापडली. वस्तादांच्या म्हशीची शेपटी कुणीतरी विळ्यानं छाटली. मुकं जनावर रक्त गाळत गोठ्यात हंबरत राहिलं आणि शेजारपाजारच्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ज्या दुधावर बिराप्पा वाढला ते त्याच म्हशीच्या आईचं होतं.

त्या दिवशी बिराप्पा तालमीत गेला. वस्ताद एकटेच आखाड्याच्या हौद्यातली माती उकरत होते. त्यांच्याकडं टीव्ही नव्हता आणि दुसऱ्याच्या घरी बघायला ते गेले नव्हते.

"वस्ताद, म्या सांगू का लोकास्नी?" बिराप्पानं विचारलं.

तात्याबांनी फावडं थांबवलं. "हे मला इचारतूस?"

बिराप्पा हौद्याच्या काठावर बसला.

"तुला ठावं हाय, मला ठावं हाय, त्या सांगलीच्या पोराला ठावं हाय. बोलायचं का न्हाई हे तुझं तू बघ. म्या सांगून तू बोललास तर ते माझं बोलणं हुईल."

बिराप्पाला रडू आलं. बोलायचंच असं मनाशी ठरवून तो बाहेर पडला. पण रहिमतपूरचा बाजार होता आणि तानाजीची सारी टोळी मोटारसायकली घेऊन रस्त्यात उभी होती. 'चल वाघा' म्हणून त्यांनी त्याला मागं बसवून घेतलं. उद्या बोलू, असं त्याचं झालं.

बाजारात ऋषिराज भेटला. पाहुण्यांकडं आला होता, हातात आंब्याची पिशवी होती. बिराप्पाला बघून तो मोकळेपणानं हसत पुढं आला, कान बरा झाला का म्हणून बघायला हातही पुढं केला. तानाजीनं तो हात झटकला. बघता बघता लोक जमले. केबल काही फक्त भिवरवाडीत नव्हती. आकारामनं कॅसेटच्या नकला काढून चार गावच्या केबलवाल्यांना दिल्या होत्या. बाजारातला भाजीवालाही ओरडला, "ह्योच त्यो! हरल्याली कुस्ती जिंकल्याला!"

ऋषिराजच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं बिराप्पाकडं बघितलं. "बिरा, तू सांग की रं ह्यास्नी. तुझी पाठ हाय. तू सांग."

सगळे बिराप्पाकडं वळले. खरं सांगतो, त्या क्षणी त्याच्या जिभेवर दोनच शब्द होते, टेकली हुती. पण इतक्या माणसांनी त्याच्याकडं इतक्या कौतुकानं कधी बघितलं नव्हतं. जिभेचं काम हातानं केलं. त्यानं मूठ वळून ऋषिराजच्या तोंडावर मारली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज त्याला बोटांतून ऐकू आला. ऋषिराज पडला नाही. नाकातून रक्ताची धार लागलेली असताना तो उभा राहिला, हात खाली सोडून, आणि बिराप्पाकडं बघत राहिला. त्यानं उलट हात उचलला असता तर बिराप्पाला बरं वाटलं असतं.

पुढचं बिराप्पानं केलं नाही, पण त्याच्या मुठीनंच त्याची सुरुवात झाली होती. टोळी तुटून पडली. कुणी उसाची कांडी, कुणी वजनाचा लोखंडी तुकडा, जे हाताला लागेल ते घेतलं. तानाजीनं पडलेल्या ऋषिराजचा पाय रसाच्या गाड्याच्या दांडीवर आडवा धरला आणि दुसऱ्यानं वरून उडी मारली. गुडघा उलटा वाकला. ती किंकाळी ऐकून बाजारातली कुत्रीसुद्धा पळाली. आंबे पायांखाली चिरडले. ऋषिराजला पाहुण्यांनी जीपमध्ये घालून मिरजेला नेलं, आणि तो गुडघा पुन्हा कधी फडात टेकला नाही.

ही बातमी तात्याबांना कळली तशी ते उठले आणि भर दुपारी पायातलं पायताण विसरून आकारामच्या दुकानाकडं चालत निघाले. आकाराम मनानं वाईट माणूस नव्हता. लोक मागतात ते मी दाखवतो, एवढंच त्याचं म्हणणं. वस्तादांना बघून त्याला आनंदच झाला.

"आवं वस्ताद, बरं झालं आलासा. संध्याकाळी या. कॅमेऱ्यासमोर बसा, तुमची बाजू मांडा. सगळं गाव बघंल."

"माझी बाजू कसली? म्या पंच हुतो."

"तेच सांगा की."

वस्ताद आले. पटका नव्यानं बांधला होता. दुकानापुढं सतरंजी टाकून त्यांना बसवलं, तोंडावर लग्नाच्या शूटिंगचा भगभगीत दिवा सोडला. शंभर-दोनशे माणसं जमली होती, तरी निम्मं गाव आपल्याच चौकात काय चाललंय ते घरात बसून टीव्हीत बघत होतं. बिराप्पा गर्दीच्या मागं उभा होता. आज बोलायचं हे त्यानं ठरवलं होतं. वस्तादांचं आधी होऊ दे, मग मी.

"वस्ताद, तुमी काय बघितलं?" आकारामनं विचारलं.

"दोनी खांदं टेकल्यालं बघितलं."

"आमीबी बघितलं की. वर हुतं." लोक हसले.

दिव्यानं वस्तादांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते तोंड फिरवून गर्दीशी बोलू लागले, कारण माणसांशी बोलायचं तर माणसांकडं बघायचं, एवढंच त्यांना ठाऊक. "एका निरपराधी पोराचा पाय मोडला तुमी. पाहुणा हुता त्यो आपला. चाळीस वर्सं ह्या फडात…"

"नजर चोरतोय बघा! कॅमेऱ्याकडं बघा म्हणावं!" घरात टीव्ही बघणारा कुणीतरी दारातून ओरडला. मग तेच सगळे ओरडू लागले. एक ढेकूळ येऊन वस्तादांच्या कपाळावर फुटलं. तानाजीनं पुढं होऊन त्यांचा पटका ओढला. "हाच न्हवं पुसायचा पटका? दाव की माती!" म्हाताऱ्याचं टक्कल उघडं पडलं आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी झाकलं. ज्या माणसाला गावानं उभ्या जन्मात उघड्या डोक्यानं पाहिलं नव्हतं, तो दिव्याच्या उजेडात लहान पोरासारखा डोकं झाकून बसला होता.

दुकानाच्या पायरीवर केबलच्या वायरची भेंडोळी पडलेली असत. तानाजीनं एक तुकडा उचलला, काळा, बोटाएवढा जाड, टोकाला तांब्याची तार बाहेर आलेली. पहिला फटका पाठीवर बसला. दुसरा मानेवर. तिसऱ्याला वस्तादांनी वर बघितलं आणि वायरचं टोक त्यांच्या उजव्या डोळ्यात गेलं. त्यांच्या तोंडून आवाज निघाला तो माणसाचा वाटला नाही.

"टेकल्यालं!" बिराप्पा लोकांना कोपरानं मारत, लाथा घालत पुढं घुसला. "माझं खांदं टेकलं हुतं! दोनी! वस्ताद खरं बोलत्यात! सोडा त्यास्नी!"

त्यानं तानाजीला कमरेत उचलून दुकानाच्या कठड्यावर आपटलं. वायर हिसकावून घेतली.  कॅमेरा चालूच होता. बिराप्पानं रक्तानं भरलेलं ते डोकं मांडीवर घेतलं आणि पुन्हा ओरडून सांगितलं, टेकले होते, मला माहीत आहे, माझी पाठ होती.

आकारामनं कॅमेऱ्याआडून मान बाहेर काढली. त्याच्या आवाजात कळवळाच होता. "बिरा, येड्या, सोताची पाठ सोताला दिसती व्हय रं? आमाला दिसली. वस्तादावरच्या मायेपायी बोलतूस तू."

"व्हय, लय माया हाय पोराची," गर्दीतल्या बायका हळहळल्या. एकीनं तर डोळेही पुसले. बिराप्पाला कुणी खोटारडा म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी चाललं असतं. इतके दिवस त्यानं तोंड बंद ठेवलं ते सगळ्यांनी खरं मानलं होतं. आता तोंड उघडलं, तर त्याला खोटं ठरवून त्याचं कौतुक चाललं होतं.

मिरजेच्या दवाखान्यात तात्याबांचा डोळा काढावा लागला. बिराप्पा रोज जाऊन पायथ्याशी बसे. वस्ताद भिंतीकडं तोंड करून पडलेले असत. शेवटी एके दिवशी बिराप्पानं सदरा काढला आणि खाटेकडं पाठ करून उभा राहिला.

"वस्ताद, पुसा की. हरलोय म्या."

 म्हातारा भिंतीकडं तोंड तसंच ठेवून बोलला. "हरल्याल्याची पाठ म्या पुसतो. तू हरला न्हाईस बिरा. तू भ्यालास. ते मला पुसता येत न्हाई. सदरा घाल."

बिराप्पा एस.टी.नं गावात उतरला तेव्हा दिवेलागण झाली होती. रस्त्यावर माणूस नव्हतं. सगळ्या घरांच्या खिडक्या निळ्या उजेडानं लुकलुकत होत्या. तो चिंचेखाली आला आणि ओरडा उठला. तोच. त्या ओरड्यावरून त्याला कळलं की आता कान फाटला. आता धोतर आडवं आलं. पण ओरडा तिथं थांबला नाही. आकारामनं पुढं दुसरी कॅसेट जोडली होती. वस्तादांची किंकाळी घराघरातून एकदम बाहेर आली, आणि तिच्यापाठोपाठ दारादारातून हाक पुढं गेली, "परत दाव!"

त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जवळच्या गोठ्यातला विळा त्यानं उचलला, चिंचेवर चढला आणि ती काळी वायर दोन घावांत तोडली. खिडक्यांतलं चित्र गेलं, नुसती खरखर उरली. गाव एकदाचं घराबाहेर आलं. हातांत काठ्या, पहारी, मुसळंसुद्धा होती. माणसाचा डोळा फुटला तेव्हा इतकी माणसं इतक्या घाईनं धावली नव्हती.

बिराप्पानं विळा फेकून दिला. सदरा फाडून काढला आणि रस्त्यात उभं राहून शड्डू ठोकला.

"या! एकेकजण या. लावा माझी पाठ मातीला. हात लावून बघा, डोळं जवळ नेऊन बघा, आन् मग सांगा टेकली का न्हाई ते!"

एकेकजण कोण येणार? सगळे मिळून आले. पहिल्याचा त्यानं हात मोडला, दुसऱ्याला डोक्यावरून फेकला, तिसऱ्याचे दात सांडले. मग एक पहार मांडीत बसली आणि तो खाली गेला. गुडघे, टाचा, मुसळं. बरगड्या मोडताना त्याला एकेक कळत होती. तानाजी छातीवर बसला, दोघांनी दंड धरले, आणि बिराप्पाचे दोन्ही खांदे रस्त्याच्या धुळीत रुतले.

"आता बघा!" तो रक्ताच्या चुळा थुंकत ओरडत होता. "टेकली का न्हाई? बघा की! टेकली का?"

पण त्याच्या खांद्यांकडं कुणी बघत नव्हतं. आकाराम दिवा लावून गच्चीवर उभा होता, आणि सगळ्यांनी माना वर करून कॅमेऱ्याकडं तोंडं केली होती. मारणारेसुद्धा मध्येच थांबून वर बघत होते.

गर्दी पांगल्यावर धोंडुबाई आली. लेकाचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि तिला हुंदका आवरेना. त्याला कुशीवर वळवून तिनं पदरानं त्याची पाठ पुसायला घेतली, हळूहळू, माती आणि रक्त एकदमच निघत होतं. बिराप्पानं डोळे मिटले. इतक्या दिवसांनी कुणीतरी त्याच्या पाठीला मायेनं हात लावला होता.

पुसता पुसता तिचा हात थांबला. तिनं इकडं तिकडं बघितलं आणि त्याच्या फाटक्या कानाशी वाकून हळूच विचारलं, "बिरा, मला तरी खरं सांग. त्या दिवशी टेकली हुती का रं? तानाजीकडं टीव्हीत म्या सोता बघितलं, वर हुती."